अर्धा तास ताठ

माझ्या वडिलांचा हात जड होता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथवर काढली, आणि घरी आल्यावरही तो हात मशीनवर असल्यासारखाच चालायचा. मी आठवीत असताना एका सकाळी चहा कोमट झाला म्हणून त्यांनी स्टीलचा पेला आईच्या तोंडावर फेकला. भुवईच्या वर कातडी फाटली. आईने एका हाताने पदर दाबून धरला, दुसऱ्या हाताने पेला उचलला, मोरीत विसळला आणि पुन्हा आधण ठेवलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि ती आलं ठेचत होती. मी दप्तर पाठीला लावून दारात उभी होते. मला कोणीच काही म्हणालं नाही, म्हणून मी शाळेत गेले.

मलाही ते मारायचे. पट्ट्याने, आणि पट्टा सापडला नाही तर हाताने. पण मला मारायला त्यांना निदान कारण लागायचं, नापास झाले, उशिरा आले, उलट बोलले. आईला मारायला कारण लागत नसे.

लग्न होऊन मी ठाण्यातच माजिवड्याला आले. शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. वडील निवृत्त झाल्यावर कारखान्याजवळची भाड्याची जागा सोडून त्या दोघांनी दिवा स्टेशनजवळ खोली घेतली, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी महिन्यातून एकदा जायची. वडील टीव्हीसमोर पलंगावर बसलेले असत, केस पिकलेले, गाल बसलेले. मी स्वतःला सांगितलं, वय झालं, आता निवळले असतील. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

आईचं मनगट मोडलं तेव्हा ती म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. दीड-दोन वर्षांनी बरगडी मोडली तेव्हा म्हणाली, माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडले. मी दोन्ही वेळा तिला रागावले. या वयात स्टुलावर चढतेस कशाला, म्हटलं.

मग तिची पाठ गेली. दिव्याला पाण्याचे हाल आहेत. नळ एक दिवसाआड यायचा, तोही तासभर, आणि वरच्या मजल्यापर्यंत चढायचा नाही. खाली टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. आई बाहत्तर वर्षांची होती आणि चार मजले कळशी चढवत होती. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर टेकवलेली कळशी पुन्हा उचलताना पाठीत काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि ती जिन्यातच बसली. शेजारणीने फोन केला म्हणून मला कळलं. मी पोचले तेव्हा आई कॉटवर कुशीवर पडलेली होती आणि वडील म्हणत होते, "दोन दिवस झाले, स्वयंपाक नाही."

मी तिला ठाण्याला आणलं. हाडांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. एक्स-रे काढला, मग हाडांची घनता मोजायची तपासणी केली, रक्त तपासलं. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावून मला दाखवला. मणक्याच्या चौकोनांच्या रांगेत एक चौकोन पुढच्या बाजूने चेपलेला होता, पायाखाली आलेल्या खोक्यासारखा.

"हाडं पोकळ झाली आहेत यांची," त्या म्हणाल्या. "आधी कधी काही मोडलं होतं का?"

आईने मनगट आणि बरगडी सांगितली. बाथरूम आणि स्टूल.

"बघा, साध्या पडण्याने मोडलं म्हणजे हाडं तेव्हापासूनच ठिसूळ असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला तेव्हा बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण इथे लिहिते. मनात कुठेतरी जी शंका मी इतकी वर्षं झाकून ठेवली होती, तिला एका डॉक्टरने नाव दिलं होतं आणि ते नाव माझ्या वडिलांचं नव्हतं. आजार होता. आजाराला औषध असतं. मी अगदी हलकी होऊन वही काढली आणि सूचना लिहून घेतल्या.

गोळी आठवड्यातून एकदाच. एक वार ठरवायचा. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चावता. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही. त्यानंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, चालायचं, पण आडवं व्हायचं नाही. अर्ध्या तासानंतर काहीतरी खायचं, आणि खाऊन होईपर्यंतही पडायचं नाही. कॅल्शियमची गोळी वेगळी, दुपारी जेवताना.

"एवढे सोपस्कार कशाला, म्हणाल," डॉक्टरीणबाई आईकडे बघून म्हणाल्या. "ही गोळी हाडांना चांगली आहे, पण घशाखाली अडकून राहिली किंवा वर आली तर अन्ननलिका जाळते. म्हणून भरपूर पाणी आणि ताठ बसणं. गिळताना दुखलं, छातीत जळजळ झाली तर गोळी लगेच थांबवायची आणि मला फोन करायचा. पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. आणि दातांचं काही आहे का? एखादा दात काढायचा आहे?"

आईने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि मान हलवली. नाही.

"तरी एकदा दाखवून घ्या. या औषधांवर असताना दात काढावा लागला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही."

मी तेही लिहून घेतलं, आणि पाठदुखी कमी होईपर्यंत म्हणून मागे टाकलं.

आई माझ्याकडे तीन आठवडे राहिली आणि मग परत गेली. तिनेच हट्ट धरला. मी रविवार हा गोळीचा वार ठरवून दिला, कारण रविवारी मला फोन करायला वेळ असायचा. दर रविवारी आठच्या सुमाराला मी विचारायची, "घेतलीस?" ती म्हणायची, "घेतली, बाय." ती मला बायच म्हणते, कोकणातल्या तिच्या माहेरी लेकीला तसंच म्हणतात. "पाणी पेलाभर?" "हो." "बसलीस ना?" "बसले." मागून टीव्हीचा आवाज यायचा. मी वहीत खूण करून फोन ठेवायची. मला वाटायचं, मी आईची किती नीट काळजी घेतेय.

अडीच-तीन महिने गेले. मी भेटायला गेले की आई भाकरी आमटीत कालवून, अगदी लापशीसारखी करून खायची. दात दुखतात म्हणाली. गळ्याखालची हाडं वर आली होती. मग एका शनिवारी शेजारणीचा पुन्हा फोन आला. आईला उलटी झाली होती आणि त्यात रक्त होतं.

ठाण्याच्या दवाखान्यात तिच्या घशातून दुर्बीण घातली. पोटाच्या डॉक्टरांनी मला पडद्यावरचं चित्र दाखवलं. अन्ननलिकेच्या गुलाबी नळीत दोन ठिकाणी पांढरट, कडा लाल झालेल्या जखमा होत्या, गरम तव्याचा चटका बसल्यासारख्या. हाडांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी बोलावून घेतलं. बाईंनी गोळी त्याच मिनिटाला बंद केली आणि आईला विचारलं, "मावशी, गोळी कशी घेत होतात?"

"तुम्ही सांगितली तशी."

"मग दुखायला लागल्यावर फोन का नाही केलात?"

डॉक्टर गेल्यावर मी तिच्या कॉटजवळ बसले. मी रात्रभर झोपले नव्हते, शाळेत परीक्षा चालू होत्या, आणि मला राग आला होता. खरा राग कोणाचा होता कोण जाणे, पण समोर ती होती.

"मी दर रविवारी विचारत होते," मी म्हटलं. "दर रविवारी. तू खोटं बोललीस. चहाबरोबर घेतलीस ना? तुला सांगून सांगून थकले मी. एवढी साधी गोष्ट जमत नाही तुला?"

ती खिडकीकडे तोंड करून पडली. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवायला हात पुढे केला. जोरातच केला असणार. तिने डोळे गच्च मिटले आणि कोपर चेहऱ्यावर आडवं घेतलं. सलाइनची सुई ओढली गेली, नळीत रक्त चढलं, तरी तिने कोपर खाली घेतलं नाही.

तिने डोळे उघडेपर्यंत मी हात मागे घेतला होता. मग तिला काही सांगावं लागलं नाही, मला कळलं. तरी तिने सांगितलं. हळू आवाजात, छताकडे बघत, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

वडिलांना साडेसहाला चहा लागतो. पहिल्या रविवारी आई गोळी घेऊन खुर्चीत बसली. त्यांनी विचारलं, चहा? तिने सांगितलं, डॉक्टरांनी अर्धा तास बसायला सांगितलंय, उठून करते पण मला वाकायला नको. त्यांनी खुर्चीला लाथ मारली. दुसऱ्या रविवारी तिने आधी त्यांचा चहा केला आणि मग गोळी घेतली. त्यांनी आपल्याबरोबर तिनेही चहा घ्यावा म्हणून कप पुढे केला. तिने नको म्हटलं तर म्हणाले, माझ्या हातचं तुला चालत नाही काय, आणि तो चहा तिच्या तोंडात ओतला. नंतरच्या एका रविवारी पिंपात पाणीच नव्हतं, तळाशी होतं तेवढ्या दोन घोटांवर तिने गोळी गिळली आणि खुर्चीत बसली. वडील समोर येऊन उभे राहिले.

"राणीसारखी बसून काय राहतेस," म्हणाले. "आजारी आहेस ना? आजारी माणूस झोपतं. झोप."

त्यांनी तिला केसाला धरून पलंगावर आडवं केलं आणि गुडघा छातीवर ठेवून दाबून धरलं. टीव्हीवर भजनं चालू होती, ती संपून बातम्या लागेपर्यंत. गोळी तिला घशात जाणवत होती. खाली जात नव्हती. त्यानंतर दर रविवारी त्यांना तो एक चाळाच लागला. ती म्हणाली, काही वेळा नुसतं येऊन उभे राहायचे, मग मीच आडवी व्हायची.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू विचारायचीस, घेतलीस का. मी घेतली होती."

मनगट? मनगट त्यांनी दारात चेपलं होतं. बरगडीला लाटणं. उजवीकडची दाढ गेल्या दिवाळीत, थोबाडीत मारताना. अर्धी तुटून अर्धी हिरडीत राहिली होती. म्हणूनच पदर तोंडाला.

माझा नवरा आईजवळ बसायला आला. मी त्याला म्हटलं, दिव्याला जाऊन तिचे कपडे घेऊन येते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी येतो." मी म्हटलं, "नको." रिक्षावाला मुंब्रा बायपासवरून शीळ फाट्याला वळला तोवर मी एकही विचार केला नाही असं मला आठवतं. हातात पर्स होती आणि मी तिचा बंद पीळत होते.

वडील पलंगावर बसले होते. दार उघडंच होतं.

"कुठाय ती?"

"दवाखान्यात."

"कधी येणार?"

"येणार नाही."

"तू कोण ठरवणारी?" त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "घरात माणसाला सकाळी चहा मिळत नाही. गोळीचं निमित्त करून नाटकं करते."

"तुम्ही तिला गोळी घेतल्यावर दाबून धरत होतात?"

ते उठले. माझ्या लहानपणी ते जसे उठायचे तसेच, आधी खांदे आणि मग बाकीचं अंग. त्यांनी हात उगारला. मी तो वरच्या वर पकडला.

त्या हाताला मी चाळीस वर्षं घाबरले होते. तो हलका होता. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. माझ्या मुठीत त्यांचं मनगट मावलं आणि वर बोटं उरली. मी तिथेच थांबू शकले असते. त्यांचा हात मी अडवला होता, ते धापा टाकत होते, त्यांच्यात दुसरा हात उचलायची ताकद नव्हती. हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी तो हात पिळला. ते वाकले, तोंडातून शिवी आली, मी आणखी पिळला आणि ढकललं. पाण्याच्या पिंपाच्या कडेवर ते हातावर आपटले. आवाज झाला. ते खाली फरशीवर कुशीवर पडले आणि मी त्यांच्या पाठीत लाथ घातली. एक. दुसरी घालायला पाय उचलला तेव्हा दारातून शेजारीण म्हणाली, "ताई, बास."

तिने ते ओरडून म्हटलं नाही. भाजी घेताना भय्याला सांगावं तसं म्हणाली. मी पाय खाली ठेवला.

मीच त्यांना दवाखान्यात नेलं. शेजारीण एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, चार मजले खाली. मनगट कोपराकडे वळल्यासारखं दिसत होतं. ते कण्हत नव्हते. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजोबा, काय झालं?"

"मोरीत घसरलो," वडील म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मी हात पिळला आणि ढकललं."

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. मारामारीची केस असेल तर पोलिसांना कळवावं लागेल, म्हणाला. मी म्हटलं, कळवा. हवालदार आला तेव्हा वडिलांनी त्यालाही मोरीच सांगितली. "माझी मुलगी आहे ती," म्हणाले, "आईच्या आजारपणामुळे तिचं डोकं फिरलंय. घसरलो मी." दोनदा विचारलं, दोनदा तेच. सही केली डाव्या हाताने. ज्या खोट्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं ते त्यांनी माझ्यासाठी वापरलं, आणि मी वाचले. ते प्रेमाने केलं की लाजेने, मला आजही सांगता येणार नाही. मुलीने मारलं हे कोणत्या बापाला कागदावर हवं असतं?

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाला, यांचीही हाडं तपासून घ्या. पुरुषांनाही होतं हे. बिडी, दारू, वय. एवढ्याशा आपटण्याने असं तुटत नाही. एवढंसं नव्हतं ते.

आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने आधी विचारलं, कुठला हात? उजवा, म्हटलं.

"तू मारायला नको होतंस."

"आणि त्यांनी केलं ते?"

"मारायचंच असतं तर मला काय हात नव्हते, बाय?"

ती माझ्या बाजूने उभी राहील, निदान मनातून तिला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तिला बरं वाटलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती, आणि मी ते ओढणीखाली घेतले.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिला शेजारणीच्या फोनवरून अर्धवट कळलं होतं. ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तू आजोबांना मारलंस?"

"हो."

"खूप?"

"हात मोडला. आणि पडल्यावर लाथ मारली."

तिने लाथेचं ऐकलेलं नसावं. ती खुर्चीत बसली. "मग तू मला कधी..." एवढंच म्हणून थांबली. मी गॅस बंद केला. लहान असताना मी तिला दोनदा मारलं होतं, दोन्ही वेळा तोंडावर. मला वाटत होतं ती विसरली असेल. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ते दोन्ही प्रसंग बोलून काढले, आणि तिसराही एक होता, जो मी विसरले होते आणि ती नव्हती.

दवाखान्यातून आई माझ्याकडेच आली. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या भेटीत मला बाहेर बसायला सांगितलं आणि आईशी एकटीशी बोलल्या. पाऊण तास लागला. नंतर एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. त्यांनी आईला कायदा समजावला, घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, तक्रार कुठे द्यायची, आणि निर्णय तिच्यावर सोडला. आईने तक्रार दिली नाही. पण दिव्याला परत जाणार नाही, हे तिने त्या बाईंसमोर मोठ्याने म्हटलं. मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरीणबाई मला आत बोलावून म्हणाल्या, "त्या दिवशी मोडलेल्या हाडांचं मी नुसतं ठिसूळपणावर ढकललं. घरात कोणी हात उचलतं का, हे मी विचारायला हवं होतं. आता विचारते सगळ्यांना." मग लगेच औषधावर आल्या. औषध बंद करून चालणार नव्हतं, कारण दुसरा मणका चेपला तर आई कुबडी होणार. पण तोंडाने घ्यायची गोळी आता नकोच. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध आहे, ते अन्ननलिकेतून जातच नाही. मात्र त्याआधी जखमा भरल्या पाहिजेत, मूत्रपिंडाची तपासणी नीट आली पाहिजे, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून यायला हवं. आणि ती तुटकी दाढ काढून हिरडी पूर्ण बरी व्हायला हवी. या वेळी मी काहीही मागे टाकलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी दाढेचे दोन तुकडे काढून कापसावर ठेवले. आई म्हणाली, "एवढुशी होती?"

दोन महिन्यांनी वडील आले. एका रविवारी सकाळी, न कळवता. वॉचमनने ओळखलं म्हणून वर सोडलं. मी आतलं लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं. प्लास्टर निघालं होतं, त्या जागी आधाराचा पट्टा होता. हात वाकडाच जुळला होता, अंगठ्याखाली उंचवटा आलेला. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात औषधाचं पाकीट आणि कागद. त्यांनाही तीच आठवड्याची गोळी दिली होती.

"तिला बोलव," म्हणाले.

मी नाही म्हणणार होते, पण आई मागून आली. जाळीपासून दोन हात अंतरावर थांबली.

"चल घरी," ते म्हणाले. "झालं ते झालं."

"नाही."

"ही गोळी कशी घ्यायची, कळत नाही. कोण बघणार?"

आईने सांगितलं. तिने त्यांना सगळं सांगितलं, वहीत मी लिहिलं होतं तसंच, एक शब्द न गाळता. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी. पेलाभर साधं पाणी, आदल्या दिवशी भरून ठेवा, नळाचा भरवसा नाही. चहा नाही. मग अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही. घशात जळजळ झाली तर थांबवायची आणि डॉक्टरकडे जायचं. तिचा आवाज कुठेही हलला नाही.

वडिलांनी जाळीवर मूठ मारली. पट्टा घातलेल्या हातानेच, सवयीने. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा झाला, तरी पुन्हा मारली. जाळी खडखडली. समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. मी पुढे झाले तर आईने मला खांद्याला धरून मागे घेतलं. तिच्या त्या मोडून जुळलेल्या मनगटात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू आत जा," ती मला म्हणाली. मग त्यांना म्हणाली, "अहो, हात दुखेल. जा आता. परत असं केलंत तर मी पोलिसांना बोलवीन, आणि त्यांना सगळं सांगेन, मनगटापासून."

ते थोडा वेळ उभे राहिले आणि जिना उतरून गेले. लिफ्ट होती, पण ते जिन्याने गेले.

सलाइनच्या दिवशी आईला सकाळपासून भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती तांब्या घेऊनच रिक्षात बसली. औषध जायला अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, अंग ठेचल्यासारखं दुखलं. तसं होतं, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही पॅरासिटामॉल दिलं आणि घाबरलो नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं आलं, जबड्यात दुखलं तर लपवायचं नाही, हे तिला तीनदा बजावलं होतं. आता ती लपवत नाही. उलट अति सांगते. काल सांगितलं, डाव्या पायाची करंगळी दुखतेय, ती चप्पल चावल्यामुळे होती.

वडील दिव्यालाच आहेत. शेजारीण त्यांना डबा देते. गोळी नीट घेतात की नाही ते आई विचारत नाही आणि मी शेजारणीकडून काढून घेते, घेतात म्हणे. मी त्यांची माफी मागितलेली नाही. पिळला तो हात पुन्हा पिळणार नाही, एवढं मला माहीत आहे, पण माफी मागायला गेले तर त्यांना ती मिळाल्याचा आनंद होईल, आणि तो आनंद अजून मला त्यांना द्यायचा नाही. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही.

आईची उंची दोन इंच कमी झाली आहे. ती परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषधाने एवढंच होईल की आणखी मोडतोड होण्याचा धोका कमी राहील. तिच्या साड्या आता खाली लोळतात. तिने माझ्या मुलीला निऱ्या वर खोचायला शिकवलं आहे आणि रोज सकाळी तिच्याकडून त्या खोचून घेते. मूत्रपिंडाची तपासणी परवा झाली, ठीक आली. पहिल्या सलाइनला वर्ष होत आलं, दुसरं पुढच्या महिन्यात आहे.